पत्रं कुणाची? पोलिश स्थलांतरितांचा कुटुंब-इतिहास आणि एक जुनं पुस्तक

अध्यक्षांनी ओळख करून देताना जरा जास्तच बोलले, त्यामुळे माझी दहा मिनिटं आधीच गेली. (हशा) तेव्हा प्रस्तावना कमी करतो.

आजचा विषय फळ्यावर लिहिलाय तो वाचून दोघांनी दारातच विचारलं की, 'वळिवड्याचं सांगणार ना?' कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं होती, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत आहे आणि त्याचा आपल्याला अभिमानही आहे. पण मी आज त्यांच्याबद्दल बोलणार नाही, म्हणजे शेवटी कुणी विचारलंच तर बोलेन. ती माणसं युद्धानं हाकललेली होती. सोव्हिएत रशियातल्या श्रमछावण्यांतून, इराणमार्गे इथं आली, आणि पुढे निघून गेली. मला बोलायचंय ते त्यांच्या आधीच्या पिढीबद्दल. साधारण 1870 ते 1914 या काळात पोलिश खेड्यांतून वीस लाखांहून जास्त माणसं अमेरिकेत गेली. शिकागोच्या कत्तलखान्यांत, पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांत, पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींत. त्यांना पोलिशमध्ये एक शब्दप्रयोग आहे, 'झा ख्लेबेम', म्हणजे भाकरीच्या मागे गेलेले. 'को व्हादिस'वाल्या श्येनक्येविचनं याच नावाची एक दीर्घकथा 1880 मध्ये लिहिलीय. त्यात बाप-लेक अमेरिकेला जातात आणि त्यांची वाताहत होते. खेड्यातल्या माणसांनी जाऊ नये असा त्या कथेचा एकूण सूर. माणसं गेलीच.

आज या माणसांची नातवंडं-पतवंडं आपला कुटुंब-इतिहास शोधतायत. हा अमेरिकेतला मोठा छंद आहे, आणि त्यातून पुस्तकांचा एक ढीग तयार झालाय. त्यातली बरीच पुस्तकं घरगुती, खाजगी छापलेली. मी त्यातली काही वाचली. आणि वाचताना सारखं एका जुन्या पुस्तकाकडे जावं लागलं, त्या पुस्तकाची चिकित्सा हा आजचा मुख्य भाग.

ते पुस्तक म्हणजे 'द पोलिश पेझंट इन युरोप अँड अमेरिका'. विल्यम थॉमस आणि फ्लोरियान झ्नान्येत्स्की. पाच खंड, 1918 ते 1920. दोन हजारांवर पानं. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव परीक्षेपुरतं माहीत असतं. पुस्तक हातात घेतलेले कमी. मीही नोकरीत असताना पंचवीस वर्षं या पुस्तकावर शिकवलं आणि पहिला खंड सलग वाचला तो निवृत्तीनंतर. हे कबूल केलेलं बरं.

त्याच्या जन्माची एक गोष्ट थॉमस स्वतः सांगत असे. शिकागोच्या पोलिश वस्तीतल्या एका बोळातून तो चालला होता. वरच्या खिडकीतून कुणीतरी कचऱ्याचं पुडकं खाली टाकलं. हा बाजूला झाला, ते पुडकं फुटलं, आणि त्यातून एक पत्र बाहेर पडलं. इस्पितळात प्रशिक्षण घेणाऱ्या एका मुलीनं बापाला लिहिलेलं, घरातल्या भांडणांबद्दल. थॉमसला वाटलं, अरे, हे तर अभ्यासाचं साधन आहे! गोष्ट खरी असेल, थोडी रंगवलेलीही असेल. पण मला ती आवडते ती वेगळ्या कारणानं. बघा, गोष्टीत सगळं लक्ष थॉमसकडे आहे. पत्र कुणी टाकलं? बापानं टाकलं का? वाचून टाकलं की न वाचता? कुटुंब-इतिहास शोधणारा माणूस असता तर त्यानं आधी वर मान करून खिडकी बघितली असती.

तर पुढे थॉमसनं पोलिश वर्तमानपत्रात जाहिरात दिली. मायदेशाहून आलेली पत्रं आणून द्या, दर पत्रामागे दहा ते वीस सेंट मिळतील. पैशाची सोय आधीच झाली होती. हेलन कल्व्हर नावाच्या श्रीमंत बाईंनी पन्नास हजार डॉलर दिले होते. झ्नान्येत्स्की वॉर्सात परदेशी जाणाऱ्यांच्या मदतीसाठी असलेल्या संस्थेत काम करत होता, तत्त्वज्ञानाचा माणूस, तो 1914 मध्ये महायुद्ध सुरू होताना शिकागोला पोचला आणि दोघांनी मिळून हे काम उभं केलं. साडेसातशेच्या आसपास पत्रं त्यांनी छापली, कुटुंबवार मालिका लावून. हे कुटुंबवार लावणं महत्त्वाचं आहे. त्याच्याआधी खेडूत माणसाची खाजगी पत्रं इतक्या गांभीर्यानं कुणी छापली नव्हती. राजाची छापत, कवीची छापत. गवळ्याची, गाडीवानाची कोण छापणार? त्याचं श्रेय दिलंच पाहिजे, आणि आता पुढे मी जी कुरकूर करणार आहे ती हे श्रेय देऊन.

ही पत्रं कशी आहेत? थॉमस-झ्नान्येत्स्कींनी त्यांना नाव दिलं 'नमस्काराचं पत्र'. सुरुवात नेहमी एकच: येशू ख्रिस्ताची स्तुती असो. आणि लिहिणारा धरूनच चालतो की वाचणारा 'सदासर्वदा, आमेन' असं उत्तर देईल. समोरासमोर भेटल्यावर जसं म्हणतात तसं. मग, देवाच्या कृपेनं आम्ही खुशाल आहोत, तुम्हीही तसेच असाल ही प्रार्थना. मग शेवटी सगळ्यांचे नमस्कार. आत्याचा, काकाचा, शेजाऱ्याचा, एकेकाचं नाव घेऊन. आपल्याकडे 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष, येथील क्षेम, तुमचे क्षेम लिहीत जावे' असं होतं की नाही? तसंच. आमच्या शाळेत मास्तर हा मायना तोंडपाठ करून घेत. आपण आता हसतो त्याला. पण मायना का असतो हे त्या पोलिश पत्रांत दिसतं. लिहिणारा बहुतेक वेळा स्वतः लिहीत नाही. आईला अक्षर येत नाही, ती शेजाऱ्याच्या मुलाला सांगते, तो लिहितो. पलीकडेही वाचून दाखवलं जातं, सगळ्यांसमोर. म्हणजे पत्र दोघांत नसतंच, दहा माणसांत असतं. मग खाजगी गोष्ट कुठं सांगायची? ती दोन नमस्कारांच्या मध्ये दडवायची.

आणि दडवलेलं काय असतं? जमीन. भावाच्या वाट्याचे पैसे कधी पाठवणार. धाकटीचं लग्न ठरतंय, हुंड्याचं काय. गाय मेली. तू फोटो पाठवलास, पण त्यात तू वाळलेला दिसतोस. तू पैसे पाठवतोस पण पत्र पाठवत नाहीस. किंवा उलटं. नमस्कारांच्या यादीतून एखादं नाव गळलं, की समजायचं भांडण झालंय. कुटुंब-इतिहास शोधणाऱ्याला ही नमस्कारांची यादी म्हणजे सोनं आहे. कोण जिवंत, कोण कुणाकडे राहतं, कोण कुणाला काय म्हणतं. समाजशास्त्रज्ञाला मात्र ती यादी म्हणजे पुनरुक्ती. 

इथं माझा पहिला आक्षेप. हे पुस्तक पत्रांच्या प्रत्येक मालिकेला एक प्रस्तावना जोडतं, आणि ती प्रस्तावना सांगते की हे कुटुंब कशाचं उदाहरण आहे. हे एकजुटीचं कुटुंब, ते विघटनाचं. प्रस्तावना वाचून मग पत्रं वाचली, की पत्रं तिची साक्ष द्यायला लागतात. मी एकदा उलटा प्रयोग केला. पत्रं आधी वाचली, प्रस्तावना नंतर. ज्या म्हातारीला प्रस्तावना 'परंपरागत मनोवृत्ती' म्हणते, ती मला पत्रांत अत्यंत हिशेबी, चतुर आणि एकटी बाई वाटली. माझं चुकत असेल. पण पत्रांत दोन्ही मावतात, आणि प्रस्तावनेत एकच मावतं.

हा आक्षेप माझा एकट्याचा नाही. हर्बर्ट ब्लूमर या समाजशास्त्रज्ञानं 1939 मध्ये या पुस्तकाची जी चिकित्सा प्रसिद्ध केली ती गाजली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, सिद्धान्त पत्रांमधून निघालेला नाही, आणि पत्रांवर तो तपासलाही जात नाही. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवलेत, इतकंच. गंमत म्हणजे थॉमसनं ते बऱ्याच अंशी मान्य केलं. एवढा मोकळेपणा आपल्याकडच्या परिसंवादात मी अजून बघितलेला नाही. (हशा) पण ब्लूमरची चिंता शास्त्राची होती. पद्धत बरोबर की चूक. पत्र लिहिणाऱ्यांचं काय झालं, हा प्रश्न त्याच्या टिपणात येत नाही.

मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं कारण जरा घरचं आहे, ते सांगून टाकतो. माझे आजोबा रत्नागिरीहून मुंबईत गिरणीत आले. ते आजीला पोस्टकार्डं पाठवत आणि मनीऑर्डरच्या कुपनावर दोन ओळी. घरी ती सगळी तारेला टोचून ठेवलेली होती, जशी तेव्हा घरोघर असत. मी कॉलेजात असताना एका संस्थेचे अभ्यासक गावी आले, चांगली माणसं होती, आजीनं चहा केला, त्यांनी ती तार अख्खी मागून नेली. नक्कल करून परत देऊ म्हणाले. पुढे एक अहवाल निघाला. त्यात आमच्या आजोबांच्या दोन ओळी आहेत, खाली 'एक गिरणी कामगार' असं. तार परत आली नाही. आजी मरेपर्यंत दर गणपतीला विचारायची, 'ती माणसं आली काय रे?' कुणावर राग म्हणून सांगत नाही. सांगतो अशासाठी की, 'द पोलिश पेझंट' वाचताना मी कुठल्या बाजूला बसून वाचतोय हे तुम्हाला कळावं.

आता पुस्तकाकडे. ती पत्रं पोलिशमध्ये होती, छापली इंग्रजीत. पुढे 1976 मध्ये पुस्तकाची पोलिश आवृत्ती निघाली, तेव्हा मूळ पत्रं हाताशी नव्हती. मग काय केलं? इंग्रजीवरून परत पोलिशमध्ये भाषांतर. म्हणजे खेडवळ आईची बोली आधी शिकागोच्या विद्यापीठी इंग्रजीत गेली आणि साठ वर्षांनी भाषांतरकारानं बेतलेल्या खेडवळ पोलिशमध्ये परत आली. पोलंडमधल्या एखाद्या पणतीला आज तिच्या पणजीचं पत्र त्या पुस्तकात सापडलं, तरी तो आवाज पणजीचा नाही. मला कुणी विचारलं, की या महाग्रंथाचं सगळ्यात मोठं नुकसान कोणतं, तर मी सिद्धान्ताचं नाव घेणार नाही, हे सांगेन.

तिसरा खंड तर पूर्ण एका माणसाचा. व्वादेक नावाचा बेकरीत काम करणारा तरुण, त्याच्याकडून पैसे देऊन आत्मचरित्र लिहवून घेतलं, तीनशेच्या आसपास पानांचं. तो लिहितो छान. खोटंही बोलत असावा, पण छान. बापाबद्दल, भावांनी दारातून परत पाठवल्याबद्दल, एका गावाहून दुसऱ्या गावी कामासाठी हिंडण्याबद्दल. दोन्ही लेखकांनी मात्र त्याला एका साच्यात, सामान्य, प्रवाहपतित माणसाच्या साच्यात बसवलं. आणि शेवटच्या खंडात अमेरिकेतल्या पोलिश माणसाचं चित्र येतं ते बरंचसं कोर्टकचेऱ्या आणि धर्मादाय संस्थांच्या कागदांतून. बायको सोडून गेलेले, मारामाऱ्या, बिघडलेली पोरं. न्यायालयाच्या दप्तरात सुखी संसार कसा सापडेल? जो नवरा रोज संध्याकाळी घरी येतो त्याचा कागद तयार होत नाही. एवढी साधी गोष्ट.

यात एक विचित्र वळण आहे. 1918 मध्ये थॉमसला एका परस्त्रीबरोबर हॉटेलात पकडलं. खटला टिकला नाही, पण वर्तमानपत्रांनी धुमाकूळ घातला, विद्यापीठानं त्याला काढलं, आणि विद्यापीठाच्या प्रकाशनानं दोन खंडांनंतर पुस्तक सोडलं. उरलेले खंड बॉस्टनच्या एका खाजगी प्रकाशकानं काढले. दुसऱ्यांच्या घरातल्या भानगडी जो 'नैतिक विघटन' म्हणून नोंदवत होता, त्याचं स्वतःचं नाव कोर्टाच्या कागदात गेलं. मी यावर फार काही म्हणत नाही.

बरं. मग घरगुती कुटुंब-इतिहास लिहिणारे याहून बरं करतात का? त्यांच्याकडे माया आहे, नावं आहेत. पण त्यांच्या अडचणी निराळ्या, आणि काही त्यांनी स्वतः निर्माण केलेल्या.

पहिली अडचण म्हणजे, या लोकांचा देशच नकाशावर नव्हता. 1772, 1793, 1795 अशा तीन वेळा रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं पोलंड वाटून घेतला. त्यामुळे 1900 च्या अमेरिकन जनगणनेत आजोबांची जन्मभूमी कधी रशिया, कधी जर्मनी, कधी ऑस्ट्रिया. पुढे 1918 नंतर पोलंड परत आला, की तेच आजोबा त्याच घरात राहून पुढच्या जनगणनेत पोलंडचे होतात. नातू गोंधळतो. तो विचारतो, 'आम्ही रशियन होतो का?' 

आणि कुठल्या वाटणीत गाव, त्यावर कागद ठरतो. ऑस्ट्रियाच्या भागात, म्हणजे गॅलिशियात, चर्चच्या नोंदवह्या लॅटिनमध्ये, रकाने पाडलेले, आणि त्यात घर क्रमांकाचा रकाना. घर क्रमांक! त्यामुळे एका घरात पन्नास वर्षांत कोण जन्मलं, कोण मेलं, अख्खं घर उभं करता येतं. प्रशियाच्या भागात 1874 पासून सरकारी नोंदणी कचेरी, जर्मन भाषा, जर्मन शिस्त. रशियाच्या भागातली नोंद मात्र वेगळीच. नेपोलियनच्या काळातली पद्धत पुढे चालू राहिली, त्यामुळे रकाने नाहीत, गोष्टच. अमुक गावी अमुक तारखेला दुपारी दोन वाजता असं घडलं की अमुक शेतकरी, वय तीस, अमुक-अमुक साक्षीदारांसह समक्ष आला आणि त्यानं आम्हाला एक बालक दाखवलं… असं करत शेवटी, हे वाचून दाखवलं, हजर असलेल्यांना लिहिता येत नाही म्हणून सही आमचीच. ही 'आमची' म्हणजे पाद्रीबुवांची. 1868 पासून हे सगळं रशियन भाषेत. म्हणजे पोलिश बाप, पोलिश पाद्री, पोलिश बाळ, आणि कागद रशियन. तारखाही दोन, कारण रशियाचं पंचांग एकोणिसाव्या शतकात बारा दिवस मागे. वंशावळीत वाढदिवस दोन-दोन दिसले तर जुळी नाहीत हो, पंचांगं दोन आहेत. (हशा)

'दाखवलं' हे क्रियापद मला फार आवडतं. थंडीत, तीन-चार मैलांवरून ते बाळ गुंडाळून न्यायचं आणि कागदासमोर दाखवायचं. बाईचं नाव त्यात येतं ते 'त्याची कायदेशीर पत्नी' म्हणून, माहेरच्या नावासकट. माहेरचं नाव नोंदवण्याची ही शिस्त आपल्या कुलवृत्तांतांनी थोडी उचलली असती तर बरं झालं असतं. आपल्याकडे कितीतरी पानांवर 'एक कन्या, अमक्यांकडे दिली' एवढ्यावर बाई संपते.

दुसरी अडचण गावाची. नोवा व्येश म्हणजे नवं गाव. दोंब्रोवा म्हणजे ओकाचं रान. अशा नावांची गावं पोलंडात ढिगानं. आपल्याकडे नुसतं 'पिंपळगाव' सांगून कुणी घर शोधेल काय? इथं एक जुना कोश उपयोगी पडतो, पोलिश मुलुखाचा भौगोलिक शब्दकोश, 1880 ते 1902 मध्ये वॉर्सात निघालेला, पंधरा खंडांचा. त्यात गावाचा परगणा, चर्च, घरं, लोकवस्ती असं सगळं. पोलिश वंशावळ मंडळींनी गेनेतेका नावाची नोंदींची सूची इंटरनेटवर फुकट ठेवलीय, स्वयंसेवकांनी एकेक नाव वाचून भरलेली. आणि अमेरिकेच्या बाजूला 1907 पासून जहाजाच्या याद्यांत एक रकाना वाढला: मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता. मला विचाराल तर त्या सगळ्या यादीत तो एकच रकाना वाचावा. कुणी बायकोचं नाव दिलंय, कुणी आईचं. बायको असून आईचं दिलं असेल तर… असो.

तिसरी अडचण मात्र हौशी लेखकांची स्वतःची. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात एक प्रसंग असतो: एलिस बेटावर कारकुनाला नाव उच्चारता आलं नाही, म्हणून त्यानं ते बदललं. हे घडत नव्हतं. जहाजाची यादी हॅम्बुर्ग, ब्रेमन अशा निघण्याच्या बंदरातच तयार व्हायची. बेटावरचा अधिकारी ती फक्त ताडून बघायचा, आणि तिथं भाषा जाणणारे दुभाषे असत. नावं बदलली ती नंतर. फोरमननं हजेरीपटावर, मास्तरांनी शाळेत, आणि बऱ्याचदा आजोबांनी स्वतः, नोकरी मिळावी म्हणून. मग ही कहाणी इतकी का टिकली? कारण कारकुनानं नाव हिरावलं हे सांगणं सोपं आहे. आजोबांनी स्वतः टाकून दिलं हे सांगणं अवघड. टीकाकारानं इथं नुसतं 'चूक' असा शेरा मारून थांबू नये. कुटुंबाला ही चूक का हवी होती, ते विचारावं.

आणि मग कुलचिन्ह. हे माझं आवडतं दुखणं. आडनावाच्या शेवटी 'स्की' आहे म्हणजे आम्ही सरदार घराण्यातले, म्हणून मुखपृष्ठावर ढाल-तलवार. जुन्या पोलंडात सरदारवर्ग, श्लाख्ता, युरोपच्या मानानं मोठा होता, लोकसंख्येच्या आठ-दहा टक्के धरतात. पण 'स्की' तर शेतकऱ्यांच्या आडनावातही सर्रास. उरलेले बहुसंख्य लोक कोण होते? पान्श्चिझ्ना करणारे. म्हणजे आठवड्याचे ठरलेले दिवस मालकाच्या जमिनीवर फुकट राबणारे. आपला शब्द वेठ. गॅलिशियात हे 1848 मध्ये सुटलं, रशियाच्या भागात 1864 मध्ये. म्हणजे 1890 ला जो शिकागोला गेला, त्याच्या बापानं वेठ केलेली असू शकते. बापानं! घरगुती पुस्तकांत याबद्दल एक ओळ नसते. 'आमचे पूर्वज गरीब पण स्वाभिमानी शेतकरी होते' एवढं असतं.

खुद्द पोलंडात अलीकडे यावर मोठी चर्चा झाली. आदाम लेश्चिन्स्की यांचं 'लुदोवा हिस्तोरिया पोल्स्की', म्हणजे पोलंडचा लोकांचा इतिहास, 2020 मध्ये आलं, आणि त्यानं सरळ विचारलं की आपण सगळे स्वतःला मालकांचे वंशज का समजतो, राबणाऱ्यांचे का नाही. थॉमस-झ्नान्येत्स्कींच्या पुस्तकात तरी हे येतं का? शेतकरी कुटुंब, जमीन, गाव यावर शेकडो पानं आहेत, पण वेठ ही आदल्या काळातली पार्श्वभूमी म्हणून येते आणि मागे पडते. 'मनोवृत्ती' मात्र सगळीकडे. मालकासमोर टोपी काढून उभं राहण्याची जी सवय, ती मनोवृत्ती म्हणून नोंदवली. चाबूक नोंदवला नाही.

आता ज्या पुस्तकाशी मी याची तुलना करतो, ते सांगतो. 1890-91 मध्ये रशियाच्या भागातल्या पोलंडात 'ब्राझीलचा ताप' आला होता. ब्राझीलमध्ये जमीन फुकट मिळते म्हणून गावंच्या गावं निघाली. झारच्या सरकारला हे नको होतं. त्यांच्या सेन्सॉरनं ब्राझीलहून आणि अमेरिकेहून घरी येणारी पत्रं अडवली. जप्त केली, दप्तरात ठेवली. व्हितोल्द कुला हे मोठे अर्थ-इतिहासकार. त्यांनी, नीना आसोरोदोब्राय-कुला आणि मार्चिन कुला यांच्याबरोबर ही पत्रं 1973 मध्ये प्रसिद्ध केली. साडेतीनशेच्या वर पत्रं. पोलिश खेडुतांची, आणि यिद्दिशमध्ये लिहिणाऱ्या ज्यूंचीही. 'पोलिश स्थलांतरित' म्हटलं की त्यांना आपण सोयीनं विसरतो, थॉमस-झ्नान्येत्स्कींच्या शेतकऱ्यात त्यांना जागा नाहीच.

ही पत्रं उलट्या दिशेची. तिकडे गेलेल्यांनी इकडे लिहिलेली. 'द पोलिश पेझंट'मध्ये बहुतेक पत्रं घरच्यांची आहेत, गेलेल्या माणसाचं म्हणणं आपल्याला आईच्या उत्तरांवरून ओळखावं लागतं. इथं तो स्वतः बोलतो. काय बरोबर आण, काय आणू नकोस. सरहद्द कशी ओलांड. बंदरात कोणावर विश्वास ठेवू नकोस. मजुरी किती, मांस किती खातो. आणि काही पत्रांत शिफकार्ता, म्हणजे इथून पैसे भरून काढलेलं जहाजाचं तिकीट, बायकोसाठी, भावासाठी. संपादकांनी पत्रं लिहिणाऱ्याच्या भाषेत, त्याच्या चुकांसकट ठेवली. सिद्धान्त नाही असं नाही, प्रस्तावना आहे, चांगली आहे, पण पत्राच्या डोक्यावर बसत नाही.

आणि ही पत्रं पोचलीच नाहीत. हे वाचताना सारखं लक्षात ठेवावं लागतं. तो तिकडे लिहितोय, 'पत्र मिळताच निघ', तारीख घालतोय, स्टेशनवर उभा राहीन म्हणतोय. ती इकडे वाट बघतेय आणि तिला वाटतंय, विसरला. गावातले म्हणतायत, दुसरी केली असेल. तिकीट सेन्सॉरच्या कपाटात. थॉमस-झ्नान्येत्स्कींचं वर्गीकरण इथं लावलं तर काय निघेल? पत्रव्यवहार बंद, पैसे बंद, नवऱ्यानं सोडलेली: कौटुंबिक विघटन. बरोबर ना? कागदावर तसंच दिसेल. पाचव्या खंडात जी 'सोडून गेलेल्यां'ची प्रकरणं आहेत, त्यात अशी किती, हे कसं ओळखणार?

वेळ संपल्याची चिठ्ठी आलीय. एखादा प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांमधून एका बाईंनी विचारलं: आमच्या शेजारी कोल्हापुरात एक पोलिश आजी होत्या, छावणीतल्या, इथंच लग्न करून राहिलेल्या. त्यांच्या घरच्यांना माहेरचं काही शोधायचं असेल तर?)

हां, आलंच वळिवडं. (हशा) ताई, त्यांची वाट निराळी. त्या लोकांचे कागद चर्चच्या वहीत शेवटी सापडतील, आधी नाही. लंडनला सिकोर्स्की संग्रहालय आहे, तिथं युद्धकाळातल्या पोलिश लष्कराचे आणि निर्वासितांचे कागद आहेत, तिथं लिहा. इथल्या छावणीत राहिलेल्यांनी पुढे इंग्लंडात मंडळ केलं आणि भारतातल्या पोलिश लोकांवर जाडजूड पुस्तक काढलं, त्यात नावं, फोटो आहेत. कोल्हापूरच्या दफनभूमीत पोलिश थडगी आहेत, त्यावरची नावं आणि तारखा उतरवून घ्या. जन्मगाव कळलं की ते आज पोलंडात आहे की बेलारूस, युक्रेनमध्ये, हे आधी बघा, कारण 1945 ला सीमा सरकल्या. आणि आजींच्या घरात पत्रं असतील तर नक्कल करा, फोटो काढा. मूळ कुणाला देऊ नका. मला सुद्धा नाही.